स्मशान कुठे असावे?



विषय वाचून काहीजणी पुढे सरकतील. दिवेलागणीला स्मशानाचे नाव काढू नये असे आपल्या सासवांनी शिकवले आहे. तरी लिहिते आहे. २०२५ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले, हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत मिळाली आणि 'आरक्षण' हा शब्द घरोघर पोहोचला. कुणाच्या जागेवर रस्ता आहे, कुणाच्या सोसायटीशेजारी काय येणार आहे, हीच चर्चा. त्यातले एक वाक्य मी आमच्या थेरगावात बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकले. "स्मशानभूमी हवी हो, पण आपल्या इथे नको." मग कुठे हवी, असे विचारले की सगळ्या गप्प.

हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारत नाही. शास्त्रकारांनी तो विचारला, गावाने विचारला, मुंबईच्या शेट-सावकारांनी सरकारशी भांडून विचारला आणि इंग्रजांच्या संसदेने यार्डात मोजून विचारला. या सगळ्यांनी काय उत्तरे दिली ते आज पाहू.

सुरुवात आपल्या घरापासून. आपल्याकडे जीव गेला की देह लवकर उचलण्याची घाई असते. बाहेरच्यांना ती कठोर वाटते. "अजून मुलगा आला नाही आणि यांची तयारीही झाली," असे शेजारी बोलतात. पण कारण आपल्याला पाठशाळेपासून माहीत आहे. प्रज्ञापना सूत्रात संमूर्च्छिम मनुष्य ज्या चौदा स्थानांत उपजतात ती सांगितली आहेत, त्यात निर्जीव कलेवरही आहे. अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, तिथे जीवोत्पत्ती होते. जितका उशीर तितकी विराधना. म्हणून आपण लवकर नेतो, लाकडे नि गोवऱ्या झटकून, जीवजंतू पाहून घेतो आणि नंतरही राख-अस्थी नदीत सोडण्याचा आग्रह धरत नाही, कारण अप्कायाचा विचार असतो.

घाई हा एक भाग झाला. जागा कशी असावी हेही शास्त्रात आहे. उत्तराध्ययनाच्या चोविसाव्या अध्ययनात पाच समिती आणि तीन गुप्ती येतात. दिवाळीत उत्तराध्ययनाचे वाचन ऐकताना पाचव्या समितीकडे, परिष्ठापनिका समितीकडे, आपले फारसे लक्ष जात नाही. टाकण्याच्या वस्तू कुठे टाकाव्यात याची ती समिती आहे, आणि त्या वस्तूंच्या यादीत मल-मूत्र, आहार, उपधी यांच्याबरोबर देहही आहे. ज्या जमिनीवर त्या ठेवायच्या तिला स्थंडिल म्हणतात. तिचे दहा गुण सांगितले आहेत. लोकांची ये-जा नसावी, कुणाच्या नजरेस पडू नये, जमीन सपाट असावी, पोकळ नसावी, विस्तीर्ण असावी, अगदी जवळ नसावी, बिळे नसावीत, त्रस जीव आणि बी-बियाणे नसावे. आणि त्यातच एक गुण असा की त्या जागेमुळे दुसऱ्याला उपघात होऊ नये, म्हणजे कुणाला त्रास पोहोचू नये.

दिगंबर परंपरेत शिवार्यांच्या भगवती आराधनेतही समाधिमरणानंतर देह ठेवण्याच्या जागेचा, निषिधिकेचा, विचार आहे. ती गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी, एकांतात असावी, मोकळी असावी, जीवरहित असावी. दिशाही सांगितल्या आहेत आणि नैर्ऋत्य त्यात उत्तम मानली आहे. श्रवणबेळगोळला गेलेल्यांनी निषिधीचे शिलालेख पाहिले असतील. त्याच शब्दाची ही जागा.

हे नियम साधूंसाठी आहेत, महापालिकेसाठी नाहीत, हे मला कळते. पण "फार दूर नाही, फार जवळ नाही, आणि दुसऱ्याला उपघात नाही" ही तीन सूत्रे लक्षात ठेवा. पुढे जगातले सगळे कायदे याच तिघांभोवती फिरताना दिसतात.

आता गावाकडे येऊ. आपल्या महाराष्ट्रातल्या गावाची जमीन दोन रंगांची. घरे वसतात ती पांढरी आणि पिके येतात ती काळी. स्मशान पांढरीच्या बाहेर, बहुधा नदीच्या नाहीतर ओढ्याच्या काठी. पाणी जवळ, कारण अंत्यविधीनंतर आंघोळ करायची. काठाची जमीन पुरात जाणारी, म्हणून तिथे घर कुणी बांधत नाही. आणि खांदेकरी चालत जाऊन परत येतील इतकेच अंतर. यात एक काळी बाजूही होती. एकाच गावात वेगवेगळ्या जातींची वेगवेगळी स्मशाने, आणि ज्यांचा गावात मान नाही त्यांना मेल्यावरही धड वाट नाही. हा इतिहास गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

ही गावची समजूत पुढे कायद्यातही आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २२ वाचण्यासारखे आहे. सरकारी जमिनीतून कोणत्या कामांसाठी जागा राखून ठेवता येते याची त्यात यादी आहे. गुरांचे गायरान, दफन किंवा दहनाची जागा, गावठाण, छावणीची जागा, खळे, बाजार. बाजार आणि खळ्याच्या रांगेत स्मशान! कायदा करणाऱ्याला त्यात अशुभ काही वाटले नाही. गाव म्हटले की हे सगळे लागतेच, असा सरळ हिशेब.

शहरात हा हिशेब पहिल्यांदा बिघडला तो मुंबईत. आजच्या मरीन लाइन्स स्टेशनाजवळची चंदनवाडी म्हणजे जुने सोनापूर. जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात "सोनापूरला गेला" म्हणजे वारला. एके काळी ही जागा वस्तीच्या बाहेर, समुद्राच्या काठावर होती. शहर वाढले, घरे सोनापूरपर्यंत आली आणि एकोणिसाव्या शतकात सरकारने ठरवले की हिंदूंची ही स्मशानभूमी शिवडीला हलवावी. कारण दिले आरोग्याचे. नाना शंकरशेट या बेताच्या विरोधात उभे राहिले आणि तो त्यांनी हाणून पाडला. शाळा-कॉलेजे आणि रेल्वे यांसाठी आपण नानांचे नाव घेतो. सामान्य माणसाच्या शेवटच्या वाटेसाठीही ते भांडले, हे फार कमी सांगितले जाते.

विचार करा, त्या काळी शववाहिनी नव्हती. गिरगाव-काळबादेवीहून शिवडी म्हणजे खांद्यावर तिरडी घेऊन अर्ध्या शहराची पायपीट. पैसेवाल्याने गाडी केली असती. गिरणीतल्या मजुराने आणि गोदीतल्या हमालाने काय केले असते? जागा दूर नेली की तिचा खर्च गरिबाच्या अंगावर पडतो. हे तेव्हाही खरे होते.

यानंतर १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आला. त्यात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांची नोंद करणे आले, आयुक्तांच्या परवानगीशिवाय नवी जागा सुरू करण्यास बंदी आली, आणि आजूबाजूच्यांच्या आरोग्याला धोका असेल तर जुनी जागा बंद करण्याची सोयही आली. पण त्याला जोडूनच, असलेल्या जागा अपुऱ्या पडल्या किंवा एखादी बंद केली तर योग्य आणि सोयीची दुसरी जागा देणे, हे पालिकेचे काम ठरले. आपल्या पिंपरी-चिंचवडला लागू असलेला १९४९ चा महापालिका कायदा याच वळणाचा आहे. स्मशानाची व्यवस्था हे पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांपैकी एक आहे, ती मर्जीची गोष्ट नाही. "योग्य आणि सोयीची" यातला "योग्य" शब्द शेजाऱ्यांसाठी आहे आणि "सोयीची" हा ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांच्यासाठी. दोन्ही सांभाळायचे आहेत.

नोंद नसलेल्या जागी दहन करायचे तर खास परवानगी लागते. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळकांना गिरगाव चौपाटीवर अग्नी दिला गेला तो अशाच खास परवानगीने. आपल्या आचार्य-साधूंच्या अग्निसंस्कारासाठी संघ वेगळी जागा मागतो आणि पुढे तिथे समाधिस्थळ होते. अहिल्यानगरचे आनंदधाम आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे डोके टेकवताना कुणालाही ती जागा अशुभ वाटत नाही. पावापुरीच्या जलमंदिराची कथा तर लहानपणी ऐकलेली. भगवान महावीरांच्या अग्निसंस्काराची राख आणि मग माती लोक कपाळाला लावायला नेत राहिले आणि तिथे सरोवर झाले. म्हणजे दहनाची जागा अपवित्र असते हा काही आपला सिद्धान्त नाही.

ज्या देशात दहनाची चालच नव्हती तिथे काय झाले? कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि तिथे दहनाची सोय नव्हती. खास परवानगी काढली गेली, आणि जागा कोणती निवडली? शहराबाहेर, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर. परक्या मुलुखातही आपल्या लोकांनी नदीकाठच शोधला. १८७४ मध्ये तिथे महाराजांचे स्मारक उभे राहिले. शंभर वर्षांनी जवळच मोठा पूल झाला तर त्याचे नावही "हिंदी माणसाचा पूल" असेच पडले.

इंग्लंडमध्ये पहिले दहनगृह वोकिंग गावी बांधले गेले तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. ते बांधून झाल्यावरही काही वर्षे बंदच राहिले. १८८५ मध्ये तिथे पहिले दहन झाले आणि १९०२ मध्ये कायदा आला. कोणत्याही राहत्या घरापासून २०० यार्डांच्या आत दहनगृह बांधायचे नाही, बांधायचे तर त्या घराच्या मालकाची आणि तिथे राहणाऱ्याची लेखी संमती हवी, आणि सार्वजनिक रस्त्यापासून ५० यार्ड अंतर हवे. यार्ड म्हणजे तीन फूट, म्हणून २०० यार्ड म्हणजे साधारण १८३ मीटर. ऐकायला फार नाही. पण दाट वस्तीच्या शहरात चारही बाजूंनी इतकी मोकळी जागा मिळणार कुठे? म्हणून दहनगृहे शहराच्या कडेला गेली. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांना विचारा, अंत्यविधीची वेळ मिळायला कितीतरी दिवस लागतात. अंतर्मुहूर्ताचे भान ठेवणाऱ्या घराला ते दिवस कसे जात असतील!

आता आपल्या पुण्यात येऊ. मुठेच्या काठी १७३० च्या दशकात ओंकारेश्वराचे देऊळ बांधले गेले, आणि त्याच घाटाशेजारी पुणेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या दहन केले. पुढे ते काम नवी पेठेतल्या वैकुंठकडे गेले. वैकुंठही नदीजवळच. पण त्याच्याभोवती इमारती उभ्या राहिल्या आणि गॅलऱ्यांतून धुराच्या तक्रारी सुरू झाल्या. कोविडच्या काळात तर चिमण्या थांबतच नव्हत्या. तक्रार खरी होती, राखेचे कण वाळत घातलेल्या कपड्यांवर कुणाला आवडतील? पण हेही खरे की बऱ्याच इमारती नंतर आल्या. स्मशान तिथे आधीपासून होते, आपण त्याच्या शेजारी राहायला गेलो.

आमच्या थेरगावचेही तेच. पवनेच्या काठचे हे गाव. पलीकडे चिंचवड आणि मोरया गोसावींची समाधी, अलीकडे केजुबाईचा बंधारा. गाव होते तेव्हा नदीकाठ म्हणजे गावाची कड होती. हिंजवडी वाढली, डांगे चौकाभोवती शेते जाऊन सोसायट्या आल्या आणि ती कड राहिलीच नाही. आज आपली गावे एकमेकांना इतकी चिकटली आहेत की "गावाबाहेर" म्हटले की ते दुसऱ्या कुणाचे तरी गाव असते.

मग आजचा नियम काय सांगतो? डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे, आपल्यालाही तीच. त्यात नदीच्या पूररेषांचा नियम आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. अपवाद थोडे आहेत. वाहनतळ, उघडी भाजी मंडई, बाग, मोकळी जागा, सांडपाणी प्रकल्प, आणि त्याच यादीत दहन-दफनभूमी. म्हणजे गावच्या म्हाताऱ्यांची जी समजूत होती, की काठाची पुरात जाणारी जमीन घराला नको पण स्मशानाला चालेल, ती आज जशीच्या तशी नियमावलीत बसली आहे.

यात एक अडचण आहे, ती जुन्या गावातही होती. पूर आला की स्मशानच पाण्यात जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरची पंचगंगेवरची स्मशानभूमी पाण्याखाली गेली आणि अंत्यविधी दुसरीकडे करावे लागले. तेच कोल्हापूर, जिथे पालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि लोक शेणी दान करतात. इतकी चांगली व्यवस्था, पण नदीपुढे तिचे काही चालत नाही. म्हणून निळ्या रेषेच्या आतल्या एकाच जागेवर भिस्त ठेवून चालत नाही. प्रत्येक भागाला उंचावरची दुसरी जागा, विद्युत किंवा गॅसदाहिनीची, हवीच. आणि ती जागा म्हणजे कुणाच्या तरी घराजवळची जागा.

इथे येऊन आपले "आपल्या इथे नको" अडते. मोशीला कत्तलखान्याचे आरक्षण पडले तेव्हा वारकऱ्यांनी विरोध केला आणि जून २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ते रद्द करण्याची घोषणा केली. आपल्यालाही तेव्हा हायसे वाटले. त्या विरोधामागे तत्त्व होते, कत्तलखाना आपल्याला कुठेच नको आहे. स्मशान मात्र आपल्याला हवे आहे, फक्त दुसऱ्याच्या दारात. या दोन हरकती एका पारड्यात घालता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट आरक्षणाची. नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्यात राखलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत काही झाले नाही तर आरक्षण संपते. म्हणजे विरोध करून जागा नुसती रखडवली तरी ती हातची जाऊ शकते. मग वीस वर्षांनी, जमिनीचा तुकडा उरलेला नसताना, आपलीच मुले शववाहिनीत बसून वाहतुकीच्या कोंडीत घड्याळ बघत राहतील.

घड्याळ बघण्यावरून सांगते. आपल्या बऱ्याच घरांत बायका स्मशानात जात नव्हत्या, आता काही ठिकाणी जाऊ लागल्या आहेत. त्यामुळे जागा कुठे हा पुरुषांचा विषय मानला गेला. पण घरात देह असताना तास कोण मोजते? नवकार चालू ठेवून, आलेल्यांची सोय बघत, "निघाले का? पोहोचले का?" असे बाईच विचारत असते. स्मशान किती लांब आहे हे तिला नकाशा न बघता कळते.

आपला धर्म सांगतो, लवकर. आपली भीती सांगते, लांब. दोन्ही एकदम जमणार नाही. यातले मी पहिले निवडते, आणि दुसऱ्यासाठी उत्तराध्ययनातला तो गुण धरते, दुसऱ्याला उपघात नको. म्हणजे हरकतीच्या अर्जात "नको" न लिहिता "असे हवे" लिहायचे. धूर खाली न येईल इतकी उंच चिमणी आणि धूर गाळण्याची यंत्रणा, गॅस किंवा विद्युतदाहिनी, पुराच्या वर बांधलेला ओटा, भोवती झाडांचा दाट पट्टा, आत जायला मुख्य रस्त्यावरून वेगळी वाट, पाणी, आणि बायकांना बसायला सावली. आणि कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वस्तीतल्या माणसाला तोच ओटा, तीच वाट.

आराखड्याचा नकाशा महापालिकेच्या कार्यालयात आणि संकेतस्थळावर बघायला मिळतो. पुढच्या मंडळाच्या बैठकीत सामायिक झाल्यावर दहा मिनिटे काढून आपापल्या भागाचा कागद उघडू या. शाळा, बाग, दवाखाना शोधताना स्मशानही शोधू या. ते कुठेच दिसले नाही तर ती काळजीची गोष्ट आहे.

जय जिनेंद्र.